गेलं का जी हिव?

माघ संपत आलेला. सकाळचे सात. ब्रह्मपुरीच्या एसटी स्टँडजवळच्या टपरीवर एकाच बाकावर दोघं बसलेले. एकाच्या अंगात स्वेटर, कानाला मफलर, वरून शाल. दुसरा हाफ शर्टात, चपला काढून पाय वर घेतलेला. दोघं एकमेकांकडे बघतात आणि दोघांच्याही मनात येतं, की याला काहीतरी झालंय. मग स्वेटरवाला तोंड उघडतो.

"का जी, हिव नाई लागत का तुमाले?"

"कोठचं हिव? गेलं ना जी आता."

"गेलं म्हन्ता? सकारी चारले उठून पाहा मंग."

"चारले उठाचं कामच का मले? मी का कोंबडा हावो?"

इथून पुढे बाकावरची बाकीची मंडळी खटला आपल्या हातात घेतात. एक जण म्हणतो, रात्री अजून गोधडी लागते. दुसरा म्हणतो, गोधडी लागते पण पहाटे पायाने ढकलतोच ना? तिसरा मोबाइल काढून आकडा दाखवतो आणि त्याच्यावर सगळे मिळून तुटून पडतात. दुसरा कप येईपर्यंत निकाल लागत नाही. उद्या सकाळी तोच खटला पुन्हा पहिल्यापासून.

मी या बाकावर चाळीस वर्षं बसतोय. माझं मत असं, की चंद्रपूर-गडचिरोलीत फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याला हवेवर बोलता येत नाही त्याचे हाल होतात. स्वेटर कधी ठेवायचा, मिरची कधी झाकायची, मोहाची फुलं वेचायला किती वाजता निघायचं, हे इथे असंच चहासोबत कळतं. म्हणून बदलीवर नव्याने आलेले मास्तर, बँकेतली मुलं-मुली, ताडोबा बघायला येणारे पाहुणे, आणि गाव सोडून वीस वर्षांनी शिवरात्रीला परतणारे आपलेच लोक, या सगळ्यांसाठी हे चार शब्द लिहितोय.

पहिली गोष्ट. "थंडी गेली ना जी?" असं कोणी विचारलं तर "हो, गेली" असं म्हणू नका. "नाही" असंही म्हणू नका. "गेल्यासारखी वाटते, पण भरवसा नाही" हे बरोबर उत्तर. याने समोरच्याला बोलायला जागा राहते आणि तीन दिवसांनी उत्तरेचं वारं सुटून पारा पुन्हा उतरला, तर तुमची टिंगल होत नाही. आमच्या बाकावरचे एक मामाजी थंडीला माहेरवाशीण म्हणतात. "जातो, जातो म्हन्ते अन् दारात उभी राहून घंटाभर बोलते." मामाजींच्या सूनबाईने हे ऐकलं तेव्हा त्यांना दोन दिवस चहा बिनसाखरेचा मिळाला, पण उपमा पक्की आहे.

दुसरी गोष्ट, "आमच्याकडे साताऱ्याला या दिवसांत कसं छान असतं" हे वाक्य गिळा. आणि "मे महिन्यात कसं राहता हो तुम्ही इथे?" हे तर कधीच विचारू नका. "राहून पाहा" एवढंच उत्तर मिळेल, आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलणार नाही.

मग म्हणींकडे या. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते, ही एक. होळी जळाली, थंडी पळाली, ही दुसरी. बाकावर दोन्ही पक्षांना या म्हणी तोंडपाठ असतात आणि ज्याला जी सोयीची ती तो फेकतो. त्यात एक मेख आहे, ती तुम्ही लक्षात ठेवली तर बाकावर तुमचं वजन वाढेल. सण चंद्राच्या हिशेबाने येतात, थंडी सूर्याच्या. महाशिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला आली, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला, २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. थंडीने कोणाच्या पंचांगाप्रमाणे निघायचं? होळीचंही तेच: २०२४ ला २४ मार्च, २०२५ ला १३ मार्च. अधिक मास पडून गेला की सण पुढे सरकतो आणि त्या वर्षी शिवरात्रीला शाल नेणारा माणूस घामाघूम होऊन परततो. म्हण खोटी नाही, पण तिला आधी कॅलेंडर दाखवावं.

मोबाइलवाल्याला का झोडपतात तेही सांगतो. वेधशाळेचा आकडा पांढऱ्या झिलमिली पेटीतल्या तापमापकाचा असतो. पेटी जमिनीपासून उंचावर, आत सावली, चारी बाजूंनी हवा खेळती. तुमच्या मोबाइलवरचा आकडा बहुतेक वेळा आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशाचा गणिताने काढलेला अंदाज असतो. गाडीच्या काचेमागे दिसणारा आकडा तर उन्हात तापलेल्या पत्र्याची हकिकत सांगतो. तीन माणसं तीन आकडे घेऊन भांडतात आणि तिघंही आपापल्या जागी खरे असतात. त्यातला कामाचा आकडा कोणता? नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पत्रकातला. त्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोली अशा वेगवेगळ्या नोंदी असतात.

आणि त्या वेगळ्या असतात म्हणूनच तर मजा येते. उन्हाळा लागला की चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, माणूस आणि ब्रह्मपुरीचा माणूस यांच्यात कोण जास्त तापलं याची चुरस लागते. पंचेचाळिशीपलीकडे पारा गेला की लोक हैराण होतात, आणि शेजारच्या गावाचा आकडा अर्ध्या अंशाने जास्त निघाला की नाराजही होतात. गडचिरोलीकर यात मागे बसून हसतो. १९८२ च्या २६ ऑगस्टला जिल्हा चांद्यापासून वेगळा झाला तेव्हा जंगल बव्हंशी त्याच्या वाट्याला आलं आणि कोळसा, वीज केंद्र, सिमेंट चांद्याकडे राहिलं. "आमच्याकडे झाडं हायेत जी," एवढंच तो म्हणतो. जास्त बोलायची गरज त्याला पडत नाही.

आता हवेत घडतं काय, ते थोडक्यात. थंडीत आपल्याकडे उत्तरेचं कोरडं वारं असतं. आकाश मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. फेब्रुवारीत सूर्य वर चढू लागतो, दुपार तापते, पण रात्रीचं निवणं चालूच राहतं. म्हणून पहाटे तेरा-चौदा आणि दुपारी तेहतीस-चौतीस, असा वीस अंशांचा झोका एकाच दिवसात बसतो. मग बंगालच्या उपसागराकडून दमट वारं अधूनमधून आत येतं. ते उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याला भिडलं की ढग, वीज, कधी गार. हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीचा आणि १ मार्चपासून उन्हाळा. वसंताला त्यांच्या तक्त्यात रकाना नाही. आमच्याकडेही तो पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून तक्रार करायला जागा नाही. २०२३ चा फेब्रुवारी तर देशभरात कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात तापलेला ठरला. त्या वर्षी आमच्या बाकावर वाद झालाच नाही. सगळेच हाफ शर्टात.

कपड्यांचा सल्ला नाटकापासून सुरू करतो, कारण झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, दिवाळीपासून होळीपर्यंत माणसाची रात्र नाटकात जाते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचं ठाणं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी झाडीपट्टी रंगभूमीचं नाव ऐकलं. आमच्याकडे मात्र ‘आज कोठी नाटक हाये?’ हा प्रश्न भाजीच्या भावाइतका नेहमीचा. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटे संपतं. जाताना हवा छान असते, गर्दीत बसल्यावर तर उकडतंच. नवखा माणूस फसतो तो इथे. पहिल्या अंकाला त्याला वाटतं शाल उगाच आणली. दोन वाजता खलनायक रंगात येतो तेव्हा त्याच्या पाठीतून गारवा शिरायला लागतो, कारण मंडपाला वर छत असलं तरी बूड जमिनीवर आहे, आणि जमीन निवलेली आहे. बायका शहाण्या. त्या एक सतरंजी खाली, एक चादर अंगावर आणि पोरगं मध्ये, असा बेत करून येतात. होळीपर्यंत नाटकाला चादर न्यायची, हा नियम. लागली नाही तर उशीला होईल.

पहाटे मोटारसायकलने परतताना मात्र चादरीने भागत नाही. नाल्याच्या उतारावर, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर थंड हवा साचलेली असते. उतारावर गाडी गेली की एकदम पाण्यात उतरल्यासारखं होतं. छातीवर जॅकेट हवं. आणि गाडी सावकाश. त्या वेळी रस्ता रानडुकरांचा आणि चितळांचा असतो, तुमचा नसतो.

शिवरात्रीला मार्कंड्याला जाणार असाल तर तिथे दोन्ही ऋतू एकाच दिवशी भेटतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळण घेते तिथलं हे जुनं दगडी देऊळ. लोक त्याला ‘मिनी खजुराहो’ म्हणतात. मला हे म्हणणं मुळीच आवडत नाही, मार्कंड्याला मार्कंडा म्हणावं. पहाटे नदीत उतरलात तर दात वाजतात. अकरानंतर त्याच नदीची रेती तव्यासारखी तापते. एका वर्षी मी चपला काठावर एका झोळीपाशी ठेवून आंघोळीला गेलो. दर्शनाची रांग आटोपून आलो तर झोळीही नाही, चपलाही नाहीत. दुपारच्या साडेबाराला रेतीतून रस्त्यापर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते बघून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "भाऊ, अंगात आलं का?" तेव्हापासून चपला पिशवीत आणि पिशवी खांद्याला. लहान पोरांना पहाटेच्या पाण्यात बळजबरीने बुडवू नका, दुपारी त्यांच्या डोक्यावर दुपट्टा टाका, आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या.

उन्हाबद्दल एक गोष्ट बाकावर कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. मेमधल्या चव्वेचाळिसापेक्षा मार्चमधला अडतीस काही वेळा जास्त बाधतो, कारण अंगाला अजून सवय नसते. घाम लवकर यायला आणि अंगातलं मीठ राखायला शरीर शिकतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर पहिल्याच तापलेल्या आठवड्यात दिवसभर राबणारा माणूस म्हणून पडतो. पहिले काही दिवस काम सकाळी अकरापर्यंत आटोपा, दुपारी सावली धरा, आंबील प्या. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, माझा विरोध नाही. पण तो दुपारी भाकरीसोबत खा आणि वरून पाणी प्या.

घरात कोणाला सिकलसेल असेल तर या दिवसांत जास्त जपा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उफाळतं, आणि थंडी बाधली तरी उफाळतं. म्हणजे पहाटे गार वारा आणि दुपारी घाम, असा हा महिना त्यांना दोन्हीकडून धरतो. पहाटे अंग झाकलेलं, दिवसभर हाताशी पाणी. पोरगं शाळेत जात असेल तर गुरुजींना सांगून ठेवा, की त्याने वर्गात बाटली उघडली तर रागावू नका.

आणि तापाला ‘हवा बदलली’ म्हणून दोन दिवस घरात काढू नका. या वाक्याने गडचिरोलीत फार नुकसान केलंय. सर्दी-खोकल्याचा ताप असेल तर जाईल आपोआप. पण हिवताप असेल तर, आणि आपल्याकडे तो वर्षभर असतो, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. ‘हिव’ हा शब्दच बघा: थंडीलाही तोच, अंगात भरणाऱ्या कापऱ्यालाही तोच. बाहेरचं हिव आणि आतलं हिव यांत गोंधळ करू नका. आशाताईंकडे तपासणीची पट्टी असते, बोटाच्या एका थेंबात थोड्या वेळात निकाल मिळतो. थंडी वाजून ताप आला, की त्याच दिवशी तपासणी.

ढगांकडे वळू. माघ-फाल्गुनात दुपारी अचानक सावली आली की शहरातला माणूस खूश होतो. शेतकरी वर बघतो आणि गप्प होतो. या दिवसांत हरभरा आणि लाखोळी काढणीला आलेली असते, जवस उभा असतो, मिरची खळ्यावर वाळत असते, आंब्याला मोहोर धरलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर, विदर्भातही, गारांनी जे झोडपलं ते अजून बोलण्यात येतं. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आपल्याकडची माणसं घरी फोन करतात तेव्हा मजुरीच्या आधी विचारतात, "तिकडे आभाळ कसं हाये?" तिकडचं आभाळ इकडे येणार का, हा प्रश्न त्यात असतो.

मिरची, मोह, धान, जे काही अंगणात वाळत असेल, त्याच्याशेजारी ताडपत्री घडी घालून ठेवा. घरात नको, छपरावर नको, शेजारीच. ढग दिसल्यापासून पहिला टपोरा थेंब पडेपर्यंत जो वेळ मिळतो तो ताडपत्री शोधण्यात जातो, हा माझ्या घरचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. हवामान खात्याचं ‘मेघदूत’ अॅप शेतकऱ्यासाठी आहे, त्यात जिल्ह्याचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत मिळतो. ‘दामिनी’ अॅप आजूबाजूला वीज कुठे पडतेय ते सांगतं. इशाऱ्याचे रंग लक्षात ठेवा: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. चमकलं आणि गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, की शेत सोडा आणि पक्क्या घरात शिरा. मोहाच्या झाडाखाली थांबू नका. ते उंच असतं, एकटं असतं, आणि पावसात माणूस नेमका त्याच्याकडेच धावतो.

कुलरचं एका परिच्छेदात उरकतो. होळीच्या आधी कुलर काढला की शेजारी हसतात आणि होळीनंतर काढला की मिस्त्री मिळत नाही. तेव्हा हसू द्या. काढल्यावर आधी गवताच्या जाळ्या बदला. आत उंदराचं बाळंतपण झालेलं असतं. मोटरची वायर कुठे कुरतडली आहे का बघा. पिन तीन खिळ्यांचीच हवी आणि घराचं अर्थिंग जागेवर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. लोखंडी कुलर, ओली फरशी आणि अनवाणी पोर, हे तीन एकत्र आले की विदर्भात दर उन्हाळ्यात कोणाचं तरी घर उजाड होतं. पाणी भरायचं तर आधी पिन काढायची, मगच बादली उचलायची. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करा, नाहीतर डासांना घरबसल्या मामा तलाव मिळेल. (नव्या मंडळींसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोणाच्या मामाचा नव्हे. आमच्या मामाजींना हे दरवर्षी कोणाला तरी समजावून सांगावं लागतं.)

थंडी खरोखर गेली हे मी कशावरून ओळखतो, असं विचाराल तर आकड्यावरून नाही. पळस, म्हणजे आमचा परस, फुलतो तेव्हा ती अजून दारात उभी असते. तांबट पक्ष्याची टुक-टुक दुपारभर चालू झाली की तिने पिशवी उचलली. आणि एका पहाटे दार उघडल्यावर मोहाचा वास आला, गोड, थोडा आंबूस, पिकल्या फळासारखा, की ती गेली. मोहाच्या झाडाला त्या वेळी पान नसतं. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, फिकट पिवळी, रसाने जड, बोटाने दाबली तर फुटतील अशी. माडिया आदिवासी नव्या मोहाचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. ढगाळ हवा असली की मोह कमी गळतो असं जुने लोक सांगतात. म्हणून मार्चमधली सकाळची पहिली चौकशी: "काल गरला का?"

या मोहापायी दोन गोष्टी घडतात, आणि दोन्ही टाळता येतात.

पहिली आग. वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधीच जाळरेषा काढून ठेवतात, आणि उपग्रहावरून आगीची खबर मोबाइलवर येते. तरी जंगल पेटतंच, कारण झाडाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला जागा स्वच्छ होते, आणि ती छोटी आग दुपारच्या वाऱ्यात छोटी राहत नाही. पाला जाळू नका, खराट्याने झाडून बाजूला करा. त्याहून बरं म्हणजे झाडाखाली जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी अंथरा. फुलं थेट त्यावर पडतात, माती लागत नाही, माल स्वच्छ राहतो, आणि वाकून एकेक वेचायचे तास वाचतात. शेवटचा फायदा सगळ्यात मोठा आहे, तो का ते दुसऱ्या गोष्टीत कळेल.

दुसरी गोष्ट वाघ. पहाटेच्या अंधारात वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. अस्वलाला तर मोह तुमच्यापेक्षा जास्त आवडतो, आणि ते तुमच्याआधी झाडाखाली बसलेलं असू शकतं. मोह संपतो तोच तेंदूपत्ता सुरू होतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही भागात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीत कोणाला हे नवं नाही, तरी दुसऱ्याच्या आधी फुलं मिळावीत म्हणून माणूस चारला एकटा निघतो.

आमच्या मामाजींची आई मोहाला जायची तेव्हा शेजारणीला हाक मारत मारत जायची, असं ते सांगतात. झाडापाशी पोचल्यावरही तोंड बंद नाही. या झाडावरून त्या झाडावर आवाज: "हिव लागते का ओ आज?" "नाई ओ, घाम आला मले." "मंग शाल काहून आनली?" असं तास-दीड तास चालायचं. मामाजी आणि बाकीची पोरं हसायची, की या बायांना हवेशिवाय विषय नाही. पुढे एका वनरक्षकाने मला सांगितलं, की गस्तीला निघाल्यावर तेही मुद्दाम मोठ्याने बोलत चालतात. जनावराला माणसाचा आवाज लांबून कळला की ते बहुधा स्वतःच वाट बदलतं. वाकलेल्या, गप्प माणसाची त्याला चाहूल लागत नाही आणि दोघंही एकदम समोरासमोर येतात.

तेव्हा यंदा मोहाला जाणार असाल तर पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका. तिघं-चौघं मिळून जा, एकाला न वाकता भोवती नजर ठेवायला उभं करा, आणि गावात वाघाच्या वावराची दवंडी झाली असेल तर त्या दिवशी मोह झाडाखाली पडू द्या. झाडापाशी पोचल्यावर मोबाइलवर गाणी लावू नका, कान मोकळे लागतात. थंडी गेली की नाही यावर, पार घरी परत येईपर्यंत, मोठ्या आवाजात भांडत राहा.